गाळाच्या नळीवरचा बाण

मामांच्या गावचं तळं उपसणार आहेत हे मला मामीकडून कळलं, तेही बोलता बोलता. फोन लोणच्याच्या कैऱ्यांसाठी होता. "यंदा कैऱ्या लवकर ने गो. मग इथं नुसता धुरळा असेल. तळ्याचा गाळ काढतायत, जेसीबी लावणार हायत," ती म्हणाली आणि पुन्हा कैऱ्यांकडे वळली. पुढचं मी काही ऐकलं नाही. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

मी मुंबईत एका संशोधन संस्थेत काम करते. तळ्यांच्या तळाशी साचलेल्या गाळावरून जुन्या काळी पाऊस कसा होता ते शोधायचं, हे माझं काम. तळ्यात दर पावसाळ्यात डोंगरावरून माती वाहून येते. पाऊस जोराचा झाला तर जाडसर, वाळू मिसळलेली. बेताचा झाला तर मऊ, काळी. तिच्यासोबत पानं येतात, फुलांचे पराग येतात, पाण्यातल्या बारीक शेवाळांची काचेसारखी कवचं बसतात. असे थर चढत जातात. कोणी ढवळलं नाही तर सगळं जागच्या जागी राहतं. ढवळलं की संपलं. आणि आपल्याकडे तळं म्हटलं की कोणीतरी, कधीतरी ढवळलेलं असतंच. दोन वर्षं मी रायगडभर फिरत होते आणि प्रत्येक गावात मला अभिमानाने सांगितलं जात होतं की आम्ही आमचं तळं पार तळापर्यंत साफ केलंय.

मामांच्या तळ्याचा विचार माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. लहानपणी मी त्यात पोहायला शिकले होते. घरच्या तळ्याकडे कोण कशाला नमुना म्हणून बघेल? आणि तेच एक असं होतं, ज्याचा गाळ खोलवर काढल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं.

मामांचं गाव रेवसच्या अलीकडे, खारेपाटात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये समुद्राला बांध घालून मिळवलेली भातशेती. बांध फुटला तर खारं पाणी सरळ शेतात येतं आणि मग काही वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. त्यामुळे इथे माणसं बांधाविषयी घरातल्या आजारी माणसासारखी बोलतात. आज कसा आहे, कुठे दुखतंय, कोण बघून आलं. मामा त्या बांधाच्या कमिटीत होते, तळ्याच्याही. सगळी उमर त्यांनी थळकडच्या कारखान्यांमध्ये फिटर म्हणून काढलेली. निवृत्त झाले तरी हातात पाना नसला की त्यांना चैन पडत नसे.

दोन दिवसांनी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून मी रेवसला उतरले. खांद्यावर लांबलचक पीव्हीसी पाइप, बॅगेत करवत, मार्कर, प्लास्टिकच्या पिशव्या. धक्क्यावर मामा उभे होते.

"नळाचं काम घेतलंस काय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना रस्त्यातच सगळं समजावलं. पाइप तळ्याच्या गाळात उभा ठोकायचा, वरचं तोंड घट्ट बंद करायचं आणि गाळासकट वर ओढायचा. आत थर जसेच्या तसे येतात. मामांनी त्यातलं ओढायचं तेवढंच पकडलं. "ओढणार कशानं? चिखल सोडतो काय पाइपाला?" आणि मी उत्तर देण्याआधीच त्यांनी फोन काढून थळच्या कोळीवाड्यातल्या कोणाला तरी चेन पुली मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार निळे ड्रम, वर दोन फळ्या, असा आमचा तराफा तळ्याच्या मधोमध उभा होता. पुली टांगायला बांबूची तिकाटणी मामांनी स्वतः बांधली. पहिल्या दोन खेपांना पाइप रिकामाच आला. तिसऱ्यांदा तो इतका खोल गेला की हलेना. ऊन चढलं. पुलीच्या साखळ्या करकरल्या. काठावर बसलेली माणसं सल्ले देऊन थकली आणि जेवायला गेली. मी घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत नळ्या चिरायच्या यंत्राची वेळ मिळालेली, ती चुकली तर पुढे महिनाभर मिळणार नव्हती. म्हणजे संध्याकाळची शेवटची लाँच मला गाठायचीच होती.

तीन वाजून गेल्यावर पाइप एकदम सुटला. मामा फळीवर मागे आपटले आणि उठून आधी पाइपालाच हात घातला. "हाय काय आत?" गाळ होता. भरगच्च, काळा, सडक्या पानांचा वास येणारा.

येताना रिकामा पाइप खांद्यावर आला होता, पण गाळाने भरल्यावर तो अख्खा उचलेना, म्हणून काठावर त्याचे तीन तुकडे करायचे होते. मामा करवत चालवत होते आणि मी टोकांना बोळे कोंबत होते. मामीने एक जुनं लुगडं फाडून दिलं होतं. मी ठरवलं, वरच्या टोकाला लुगड्याच्या काठाचा बोळा आणि खालच्या टोकाला साध्या कापडाचा. शिवाय प्रत्येक तुकड्यावर मार्करने वरच्या दिशेला बाण. पहिला आणि तिसरा तुकडा नीट झाला. मधल्यावर चिखल होता, मार्कर उठेना. काठाचं कापडही संपलं होतं. रिक्षावाला हॉर्न देत होता. मी दोन्ही टोकांना साधे बोळे बसवले आणि मनाशी म्हटलं, हा उजव्या हाताला ठेवलाय, वरचं टोक माझ्याकडे आहे. लाँचवर पुसून बाण काढू.

लाँचवर मी तो पुसला आणि बाण काढला. काढताना माझा हात थांबला नाही, एवढं मला पक्कं आठवतं. रिक्षात ठेवताना आणि उतरवताना तो कोणी फिरवला का, हे मात्र आठवत नाही. तेव्हा तो प्रश्नच माझ्या मनात आला नव्हता.

प्रयोगशाळेत तिन्ही तुकडे उभे चिरले तेव्हा मधल्याने सगळ्यांना खेचून घेतलं. वरखाली काळी माती आणि मध्ये दोन वेगळे पट्टे एकमेकांना चिकटून. एक शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली पांढरट वाळू, दुसरा फिकट, कडक, कोरडी पडून घट्ट झालेली माती. वाळूत समुद्राच्या पाण्यातल्या जीवांची कवचं सापडली. म्हणजे कधीतरी समुद्र तळ्यापर्यंत आत आला होता. कडक माती सांगत होती की कधीतरी पाऊस इतका कमी झाला की तळं आटलं. माझ्या बाणाप्रमाणे वाळू खाली होती आणि कडक माती वर. आधी समुद्र आला, मग वर्षानुवर्षं पाऊस हटला.

माझ्या मार्गदर्शक मॅडम कमी बोलतात. त्यांनी ट्रेवर वाकून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "टोकं नक्की आहेत ना?"

"हो," मी म्हटलं. लगेच. विचार न करता.

एप्रिलच्या अखेरीला मी संस्थेच्या चर्चासत्रात हे मांडलं. किती जुनी गोष्ट ते अजून कळायचं होतं, पण क्रम कळला होता, आणि क्रमावर लोक खूश झाले. दोघातिघांनी येऊन हात मिळवला. मी बाहेर येऊन मामांना फोन केला. का केला? त्यांच्या चेन पुलीमुळे हे झालं होतं म्हणून, आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं म्हणून.

मामांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे आधी दर्या, मग दुष्काळ."

"हो."

"बरं झालं सांगितलंस."

चार दिवसांनी मामीचा फोन. मामांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं की आपल्या भाचीने शोध लावलाय. दर्या आत शिरला म्हणूनच त्या वेळी गाव सुकलं, तेव्हा आधी बांधावर माती टाका, तळं मागाहून. लोकांना पटलं होतं. दर रविवारी घरटी एक माणूस बांधावर जाणार होता. जेसीबीही काही दिवस पुढे ढकलला होता. मी चरकले. समुद्र आल्याने पाऊस हटतो असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. पण मी फोन करून ते दुरुस्त केलं नाही. बांधाचं काम होतंय ना, मग वाईट काय, असं स्वतःला समजावलं.

तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. काहीतरी सलत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मी ट्रेसमोर जाऊन उभी राहायची, परत यायची. शेवटी काम म्हणून मधल्या तुकड्याचा एक्स-रे काढून घेतला. पडद्यावर कडक मातीच्या पट्ट्यात दोन पांढऱ्या पाचरी दिसल्या. वाळूच्या. वाळूच्या पट्ट्यातून निघून वर कडक मातीत घुसलेल्या, वर जाताना निमुळत्या होत गेलेल्या.

मी भातशेतीवाल्यांच्या घरातली. आटलेल्या जमिनीला भेग पडते ती वरून रुंद आणि खाली निमुळती, हे मला सांगायला कोणी लागत नाही. भेगेत वाळू भरते तीही वरून. मी मान वाकडी करून पडद्याकडे उलटं बघितलं. तुकडा उलटा धरला तर सगळं सरळ होत होतं. आधी तळं आटलं, भेगा पडल्या, मग समुद्र आला आणि वाळू त्या भेगांत भरली.

मग मन वाटा शोधायला लागलं. खेकड्याचं बीळ असेल. मूळ कुजून गेल्याची जागा असेल. दोन पाचरी म्हणजे काय पुरावा? दोन दिवस मी असे युक्तिवाद करत संस्थेच्या जिन्यावरून वरखाली करत होते. मॅडम दोनदा समोरून गेल्या. दोन्ही वेळा मी त्यांना काहीतरी भलतंच विचारलं.

पुन्हा पाइप ठोकायचा, हाच उपाय होता. मी मामांना फोन लावला.

"आता कुठला पाइप?" मामा म्हणाले. "पाणी उपसून झालं. जेसीबी कालपासून चालू हाय."

सकाळची पहिली बोट पकडून मी मांडव्याला उतरले. तिथून रिक्षा. वाटेत गाळाने भरलेला डंपर समोरून गेला आणि मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकून त्याच्याकडे बघत राहिले. त्यात माझी मधली नळी कितीदा तरी भरली असती.

तळं ओळखू येत नव्हतं. अर्धा भाग खोल खणून झाला होता आणि पिवळं यंत्र उरलेल्या अर्ध्याच्या कडेला उभं राहून ओरबाडत होतं. मी मामांना नमस्कार केला की नाही आठवत नाही. खणलेल्या भागात सरळ उतरले. गुडघ्यापर्यंत रुतले. आणि वर बघितलं तर समोर भिंत उभी होती. जेसीबीच्या दातांनी कापलेली, माझ्यापेक्षा उंच, गाळाची सरळ भिंत.

मी दोन वर्षं मनगटाएवढ्या नळीतून जे बघायला धडपडत होते ते तिथे तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत उघडं पडलं होतं.

"गाडी थांबवा!" मी ओरडले.

चालकाने इंजिन बंद केलं. "मॅडम, मला दुपारी पेणला जायचंय. भिंत ओली आहे, अंगावर येईल."

"तासभर द्या."

त्याने मामांकडे बघितलं. मामांनी हात वर केला. मग ते स्वतः खाली उतरले, हातात मामीचं खुरपं घेऊन. दातांचे ओरखडे आम्ही खुरप्याने साफ करत गेलो. काळा थर. मग पांढरट वाळू. तिच्या खाली फिकट, कडक माती. आणि त्या कडक मातीत वरून खाली उतरलेल्या, वाळूने भरलेल्या पाचरी. दोन नव्हेत. हातहात अंतरावर, भिंतभर.

मामांनी एका पाचरीवरून बोट फिरवलं. "अगो, ही तर भेग. आपल्या खालच्या शेतात पडते तशीच."

"व्हय," मी म्हटलं. मामांशी बोलताना मी कधी कधी त्यांच्यासारखी बोलून जाते.

"वरून वाळू भरलीय."

"हो."

ते थोडा वेळ बघत राहिले. फिटर माणूस, कुठलं काय कशात बसलंय ते त्यांना लगेच दिसतं. "मग आधी सुकलं. दर्या मागाहून आला."

"मामा, माझी नळी उलटी झाली. मधला तुकडा. मी बाण चुकीचा काढला." मी पुढे बोलत राहिले, थांबता येईना. "आणि समुद्रामुळे पाऊस गेला असं तर मी म्हटलंही नव्हतं, पण तुम्ही सभेत सांगितलंत ते कळूनही मी गप्प बसले."

मामांनी खुरपं मातीत खुपसून ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. "चार माणसांत मी बोललो. पोरीनं शोधलंय म्हणून बोललो. आता काय सांगू? पोरगी घाईत होती?"

तास संपत होता. नमुने घ्यायचे होते, पण मी रिकाम्या हातांनी आले होते, पाइपसुद्धा आणला नव्हता. मी वर चढून मामीकडे धावले आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे मागितले. तिने पापड आणि कुरडया परातीत ओतून पाच डबे दिले. मामांनी न सांगताच डबे हातात घेतले, बूड कापलं, कडा ठोकून सरळ केल्या आणि एकेक डबा भिंतीत लाकडाने ठोकून बसवला. शेवटी खिशातला खिळा काढून प्रत्येक डब्यावर वरच्या बाजूला खोल ओरखडा मारला. मी फोटो काढले. चालकाने इंजिन चालू केलं.

दुपारी गाळ न्यायला आलेली माणसं वडाखाली बसली होती. मामा म्हणाले, "तू सांग." मी उभी राहिले. एका दमात सांगून टाकलं. माझी चूक झाली, क्रम उलटा होता, समुद्रामुळे दुष्काळ आला असं काही सिद्ध झालेलं नाही, मामांनी सांगितलं ते माझ्या भरवशावर सांगितलं. एकाने फोनमध्ये मान घातली.

मग डोक्यावर टोपली उपडी घेतलेली एक म्हातारी शेतकरीण म्हणाली, "सुकल्या सालात बांधाकडं बघतंय कोण? माणसं पोटामागं गेली असतील कुठं कुठं. मग दर्या येनार न्हाय तर काय."

"तेव्हा इथे बांध होता की नव्हता, हेही मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तुला न्हाय ना म्हाईत," ती म्हणाली. "मग नव्हता असं बी म्हणू नको."

दुसऱ्या कोणी विचारलं, "पन आता येनार हाय का दर्या?" मी म्हटलं, सांगता येत नाही. एवढं शिकून सांगता येत नाही, असं तो बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर होतं. ते रास्त होतं.

मॅडमना मी तिथूनच फोन केला. "मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. मग, "चर्चासत्राला होते त्या सगळ्यांना पत्र तू लिहायचंस. आजच. माझ्या नावाने नाही." मी मांडव्याच्या धक्क्यावर, डबे पायांत धरून, फोनवरच ते पत्र लिहिलं. तीनदा खोडलं. तिन्ही वेळा मला वाक्यात लाँच, चिखल आणि रिक्षावाला घालावासा वाटला. शेवटी ते सगळं काढलं.

कोणी मला कामावरून काढलं नाही. एक सहकारी काही दिवस मला चहाचा कप उलटा धरून दाखवायचा. शोधनिबंध लांबला. डब्यांतल्या मातीचं काम नव्याने सुरू झालं आणि ते नळीपेक्षा चांगलं निघालं. पण मला त्याचा आनंद व्हायच्या आत भीती वाटायची. अजूनही कोणी "नक्की ना?" असं विचारलं की मी उठून पुन्हा बघून येते. घरच्यांना याचा वैताग येतो. गॅस बंद केलास का, असं विचारायची सोय राहिलेली नाही.

मामा मात्र अबोल झाले. मामीच्या फोनमागून त्यांचं खोकणं ऐकू यायचं, पण फोन हातात घेत नसत. मी पावसाळाभर गेले नाही. गणपतीलाही कामाचं निमित्त काढलं.

दिवाळीनंतर, भात कापून झाल्यावर, मामीने दटावून बोलावलं तेव्हा गेले. मामा ओटीवर बसून सायकलचा पंप दुरुस्त करत होते. मी समोर बसले.

"बांधाचं काम झालं," ते एकदम म्हणाले. "अर्धं."

"अर्धं?"

"पयले सगळे येत होते. तुझं ऐकल्यावर काही म्हणाले, मग रविवार कशाला घालवा? मग मी घरोघर गेलो. पयल्यांदा सांगितलं तवा सभेत एकदाच बोललो होतो, सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्यांदा प्रत्येकाच्या ओटीवर बसावं लागलं. चहा पिऊन पिऊन पित्त झालं मला."

"काय सांगितलंत?"

"हेच. की पोरीचं चुकलं, माझंबी चुकलं, पण दर्या आलावता हे खरं हाय, डोळ्यांनी बघितलंय. जेवढे आले तेवढे आले."

माफी मागून झाली होती, पुन्हा मागणं बरं वाटेना. मामांनी पंपाचा दांडा दोनदा वरखाली करून बघितला, हवा लागतेय का ते तळहातावर घेतलं आणि पंप भिंतीला टेकवून ठेवला.

"पलीकडच्या वाडीत विहीर खणतायत," ते म्हणाले. "खाली काळी माती लागली म्हणे, तिच्यात शिंपले हायत. आजच्या दिवस उघडं हाय. उद्या आत सिमेंटचं कडं बसवतील, मग झाकलं जाईल."

मी तोवर उठलेच होते. आतून मामी ओरडली, "अगो, चहा तरी!" मामा चपला शोधत होते.